जुबेदा आपा आणि माझं रिकामं गोडाऊन

जुबेदा आपा रिपोर्ट कधीच नुसता पाकिटात घालून द्यायच्या नाहीत. आधी कागद दोन्ही हातांनी ताणून धरायच्या, खिडकीकडे वळायच्या आणि उजेडासमोर उभा करून वरून खाली बघायच्या. आकडे त्यांनीच लिहिलेले, कागद त्यांचाच. उजेडात त्यात नवीन काय दिसणार? पण त्यांचे अब्बा भिवंडीत नारपोलीच्या एका कारखान्यात कापड तपासायला होते. विणून आलेला तागा ट्यूबलाइटसमोरून ओढत न्यायचा आणि धागा कुठे सुटलाय तिथे बोट ठेवायचं, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. आपांनी लॅबचा कोर्स केला, पांढरा कोट चढवला, पण सवय अब्बांचीच राहिली. "टेबलावर पसरलेला तागा सगळाच चांगला दिसतो गो," त्या म्हणायच्या. "उजेडासमोर धरला की कळतं कुठे विरलाय."

त्यांच्या हातात आलेला मी एक तागा होते. तोही चांगला रुंद पन्ह्याचा.

आज सत्तरी ओलांडून मी जिना चढते ती या बाईमुळे. आणि ज्या दिवसांत ती माझे पाय वाचवायला धडपडत होती, त्याच दिवसांत मी तिला फसवायला धडपडत होते. माझी फजिती दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. तिखटमीठ मलाही लावता येतं.

आपांची लॅब म्हणजे लूमच्या कारखान्याच्या डोक्यावरची एक खोली. अठरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. खाली लूम सुरू झाले की वर स्टँडमधल्या काचेच्या नळ्या एकमेकींशी कुजबुजायला लागायच्या. मायक्रोस्कोप जुना, आरशावर चालणारा. त्याचं काम त्या शुक्रवारी करायच्या, कारण शुक्रवारी लूम बंद. एरवी लोडशेडिंगची वाट बघायच्या. वीज गेली की सगळी भिवंडी शिव्या द्यायची आणि आपा म्हणायच्या, "शुकर आहे. आता पेशी जरा एका जागी उभ्या राहतील."

बुटक्या, ठेंगण्या, चष्मा गळ्यात दोरीला. चहात साखर तीन चमचे, आणि वर चौथा 'चव येत नाही' म्हणून. चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. दहा वेळा आलेल्या माणसालाही त्या "कोण आपण?" विचारायच्या. पण बाही वर केली, रबरी पट्टा बांधला, बोटाने कोपराच्या आत दाबलं की ओळख पटायची. "हां, तू मागच्या ईदला आला होतास. पोरगी झाली ना तुला?" कारण विचारलं तर म्हणायच्या, "तोंड सगळे धुऊन-पुसून आणतात. हात जसा आहे तसाच आणतात."

एकदा मी विचारलं, "आपा, तुम्ही स्वतःचं रक्त कधी तपासता?"

"माझी नस मला सापडत नाही," त्या म्हणाल्या आणि चहा ढवळत बसल्या. मी हसले. तेव्हा मला सगळ्यावरच हसू यायचं, स्वतःला सोडून.

आता माझ्याबद्दल थोडं, नाइलाजाने. आम्ही भिवंडीजवळच्या काल्हेरचे. शेत होतं तिथे गोडाऊन उभी राहिली, आणि मी बसले. भातलावणीला कमरेत वाकणारी मी, सोफ्यावर बसले ती उठेचना. वजन एकशे चौदा किलो झालं तरी मला वाटायचं, घरात सुख आलंय. मग भाच्याच्या हळदीची सीडी आली. सगळं घर टीव्हीसमोर. बेंजोवर बायका नाचतायत, आणि मध्येच एक हिरवीगार पाठ कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. नवरदेव दिसेना, हळद दिसेना, नुसती पाठ. मी ओरडले, "आगो, कोन ही? सरकवा तिला कोनीतरी!"

कोणी हसलं नाही. पाठ वळली. मीच होते.

त्यानंतर मी वजनाचं ऑपरेशन करायचं ठरवलं. ही गोष्ट २००५ची. आमचे हे तेव्हाच म्हणाले, "देवानं दिलेलं पोट कापून घेतेस? उद्या काय झालं तर माझ्याकडे रडत यायचं न्हाय." एवढं पुरे होतं. मी मुंबईला जाऊन पोट लहान करून घेतलं. आतड्याची वाटही वळवली. डॉक्टर नीट समजावून सांगत होते, की आता अन्नातलं लोह, कॅल्शियम पूर्वीसारखं अंगी लागणार नाही, गोळ्या जन्मभर, रक्ताची तपासणी दर काही महिन्यांनी न चुकता. मी मान डोलावत होते. मनात मी ब्लाउज शिवत होते.

आठ महिन्यांत चाळीस किलो उतरले. मी गावातून अशी चालायचे की जणू मिरवणूक माझी एकटीचीच. गोळ्या मात्र टेबलाच्या खणात. लोहाच्या गोळीला जुन्या पत्र्याच्या पेटीसारखा वास आणि कॅल्शियमची गोळी शाळेतल्या खडूएवढी. आठवण झालीच तर दोन्ही एकदम तोंडात टाकून वर कडक चहा.

आपांनी पहिल्यांदा माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बांगड्या वर सरकव गो. सुई सोन्यात घालू का?" मग कितीतरी वेळ कोपर चाचपत राहिल्या. "डावा हात, आतल्या अंगाला, दोन बोटं खाली. दाबली की सरकते. लपणारी नस आहे तुझी. माणूस पण तसंच असणार."

मी चिडले. काल्हेरच्या गोडाऊनवाल्याच्या बायकोला असं कोणी बोलतं? पुढच्या खेपेला मी घरी येऊन रक्त नेणारी एक नवी लॅब शोधली. त्यांचा माणूस टाय लावून आला. पट्टा आवळला, म्हणाला, मूठ उघडा-मिटा. मी हौसेने वीसेक वेळा उघडली-मिटली. त्याने नळ्या मोटरसायकलच्या डिकीत टाकल्या आणि भिवंडीच्या खड्ड्यांतून, आणखी चार घरं करत, संध्याकाळी लॅबला पोचला.

रिपोर्टमध्ये पोटॅशियमपुढे दोन तारे. यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तारे कळत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ताबडतोब हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढा आणि रक्त पुन्हा तपासा. यांनी मला गाडीत घातलं आणि ताकद यावी म्हणून वाटेत दोन शहाळी पाजली. पट्टी ठीक निघाली. मग आलो आपांकडे, कारण जवळ त्याच होत्या.

"मूठ उघडी ठेव," आपा म्हणाल्या. "भाषण करायला आलीस का?" नळी त्यांनी थोडा वेळ शांत उभी ठेवली, मग मशीनमध्ये गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढलं. त्यातलं पोटॅशियम अगदी नीट होतं.

"मग ते तारे?" यांनी विचारलं.

"आधी मूठ आवळून-आवळून पिळलं. मग अख्खं रक्त दिवसभर खड्ड्यांतून घुसळत नेलं. पेशी फुटल्या, आतलं सांडलं. ते हिचं पोटॅशियम नव्हतं, शेठ. ते आपल्या रस्त्याचं पोटॅशियम होतं." मग चष्मा लावून यांच्याकडे बघितलं. "घाबरलात ते बरोबर. पट्टी काढलीत ते त्याहून बरोबर. पण पोटॅशियम वाढलं ऐकून बायकोला शहाळं पाजलंत? त्यात काय असतं माहीत आहे?"

यांना तोपर्यंत वाटायचं, शहाळ्यात पाणी असतं.

त्या दिवसापासून हे आपांना मानायला लागले आणि माझी पंचाईत झाली. आता दुसरीकडे जायची सोय राहिली नाही. मग मी हुशार झाले, म्हणजे आणखी मूर्ख. तपासणी म्हणजे परीक्षा, असा माझा हिशेब. वर्षभर उनाडायचं आणि आदल्या चार दिवसांत घोकायचं. तारीख जवळ आली की मी गोळ्यांचा रतीब सुरू करायचे. रक्त द्यायच्या सकाळी तर लोहाच्या दोन गिळून गेले, वरचा मार्क मिळावा म्हणून.

मिळाला. रक्तातलं लोह हवं त्याच्याही वर. हे गोडाऊनच्या गेटवर सांगत सुटले, "आमच्या हिच्या अंगात लोखंड मावत न्हाय!" आणि घरी येऊन फर्मान काढलं, "गोळ्या बंद." मला तेच हवं होतं.

आपांनी आम्हा दोघांना बोलावणं पाठवलं. कागद उजेडासमोर धरलेलाच होता.

"सकाळी काय घेतलं होतंस?"

"चहा," मी म्हटलं.

"चहाबरोबर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. त्या यांच्याकडे वळल्या. "शेठ, तुम्ही गोडाऊनवाले. रस्त्यावर तीन ट्रक उभे दिसले म्हणजे गोडाऊन भरलेलं आहे असं समजता का?"

"तसं कसं? शटर उघडून आत बघायला लागतं."

"मग हा आकडा रस्त्याचा. हिने सकाळी दोन गोळ्या गिळल्या, ट्रक रस्त्यावर आले. आणि हा दुसरा, फेरिटिन. हा गोडाऊनचा. बघा आत." त्यांनी बोट ठेवलं. "झाडून नेलंय."

यांनी त्या आकड्याकडे असं बघितलं, जसं चोरी झालेल्या शटरकडे बघावं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता 'सांगितलं होतं' येणार. आपांनी मध्येच हात वर केला. "ओरडायचं नाही. गोळ्या बंद तर मुळीच करायच्या नाहीत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. तपासणीच्या सकाळी घ्यायची नाही. आणि कॅल्शियमची दोन-तीन तासांनी. दोन जावा एकाच दारातून एकदम आत शिरायला बघतात आणि दोघी अडकतात, तसं होतं ते."

मी आठवडाभर लिंबूपाणी प्याले. मग कंटाळले.

एव्हाना त्या अठरा पायऱ्या माझ्याच्याने एका दमात होईनाशा झाल्या होत्या. मांड्या भरून यायच्या, कठड्याला धरून स्वतःला वर ओढायला लागायचं. मी सांगायचे, चप्पल सरकते. आपा वरूनच ऐकत असायच्या. "पहिल्यांदा आलीस तेव्हा वजन जास्त होतं आणि पाय मोकळे होते. आता वजन कमी आणि दोनदा थांबतेस. कोण थांबवतं गो तुला? पुढच्या वर्षी माझ्याकडे उचलून आणायला लागेल, तेव्हा सांगशील का?"

तेव्हाच माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मे महिन्यात हळद. मला त्या हळदीत नाचायचं होतं, कॅमेऱ्याकडे तोंड करून. पुढची तपासणी आली ती नेमकी मार्चमध्ये. रिपोर्ट वाईट आला तर डॉक्टर भरती करून घेणार, हे गावभर सांगणार, आणि मी पुन्हा ती पाठ होणार. चार दिवसांचा रतीब आता चालणार नव्हता. आपा शटर उघडून बघत होत्या.

मग मी सुमनला पाठवलं.

सुमन माझी धाकटी जाऊ. दीर लवकर गेले, तेव्हापासून आमच्याच घरात. पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापणारी, पाण्याच्या कळशा उचलणारी, कधी कुरकुर नाही. मला वाटायचं, घरात धडधाकट कोण, तर सुमन. आडनाव एकच, चेहरे आपांच्या लक्षात राहत नाहीत, मग अडचण कसली? मी तिला म्हटलं, "माझं नाव सांग, हात पुढे कर, आणि ये खाली."

"ताई, कळलं तर?" ती म्हणाली.

"कोनाला कळतंय? रक्त सगळ्यांचं लालच असतं."

मी खाली गल्लीत काळ्या काचांच्या गाडीत बसले. काच वर. लूमची खडखड चालू. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग जिन्यावर रबरी स्लिपरांचा आवाज आला. आपा, पांढऱ्या कोटात, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात सुयांचा ट्रे, गल्ली ओलांडून सरळ गाडीकडे. मागे सुमन, मान खाली. आपांनी काचेवर टिचकी मारली.

"उतर गो, काल्हेरवाली. परीक्षेला डमी बसवलीस?"

कारखान्यातले दोघे कामगार दारात येऊन उभे राहिले. मी काच अर्धी खाली केली. "तुम्हाला कसं कळलं?"

"ही नस सरळ आहे. दिसली तशी सापडली, आणि जागची हलली नाही. तुझी असूच शकत नाही."

"क्या हुआ आपा?" एका कामगाराने विचारलं.

"कुछ नहीं. सेठानी को ऊपर चढने में शरम आ रही है," आपा म्हणाल्या आणि तिथेच, गाडीच्या उघड्या दारात, माझा डावा हात ओढून रक्त घेतलं. त्या दिवशी नस सरकली नाही. तिलाही लाज वाटली असावी.

मला वाटलं होतं, सुमनचं रक्त त्या फेकून देतील. त्यांनी माझ्या नावाची पावती फाडून टाकली, दुसरी घेतली आणि सुमनला विचारलं, "तुझं नाव काय? पूर्ण सांग." सुमनने सांगायच्या आधी माझ्याकडे बघितलं. तिचं नाव तोपर्यंत दोनच कागदांवर होतं. एक रेशनकार्ड, आणि दुसरा तिने जमिनीवरचा हक्क सोडल्याचा.

आठवड्याने दोन्ही रिपोर्ट आले. आपांनी आम्हा तिघांना बोलावलं, यांनाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. उजेडासमोर.

माझं कॅल्शियम बरोबर मध्यावर होतं. मी लगेच म्हटलं, "बघा, झकास!"

"झकास ठेवलंय," आपा म्हणाल्या. "रक्तातलं कॅल्शियम कमी पडून चालत नाही. पडलं तर हृदय थांबेल. मग ते आणायचं कुठून? तू खात नाहीस, गोळ्या खणात. हा खालचा आकडा बघ. गळ्यात एक ग्रंथी असते, ती ओरडून ओरडून हाडांकडून माल मागतेय. तुझं अंग रोज थोडी हाडं फोडतं आणि रस्त्यावर ट्रक पळवतं. म्हणून आकडा झकास आणि जिना चढवत नाही."

मी इतके दिवस मार्कांवर खूश होते आणि पेपर माझी हाडं सोडवत होती.

मग त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "फेरिटिन निदान पंधरा तरी हवं. काल्हेरवालीचं सात. सुमनचं चार."

"चूक असेल," हे म्हणाले. "तिचं काही ऑपरेशन नाय झालं."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, शेठ." आपांचा आवाज अजिबात चढला नाही. "एकाच चुलीवर जेवता ना? हिचं पोट डॉक्टरने कापलं. तिचं कोणी कापलं?"

खाली लूम चालू होते, नळ्या कुजबुजत होत्या. यांनी टोपी काढून हातात घेतली. सुमन म्हणाली, "मी जेवते की, आपा. सगळ्यांचं झालं की जेवते."

"काय उरतं?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. उत्तर मला ठाऊक होतं. रस्सा उरायचा.

आपांनी डॉक्टरांसाठी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. मला मुंबईला नेऊन शिरेतून लोह चढवलं, हाडांसाठी 'ड' जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुरू झाले. सुमनलाही इथल्याच डॉक्टरांनी औषध दिलं, आणि ती एवढं रक्त कुठे घालवत होती त्याचीही तपासणी झाली. यांनी 'सांगितलं होतं' एकदाही म्हटलं नाही. सुमनच्या त्या चारने त्यांचं तोंड बंद केलं होतं. आणि आपांचा हुकूम होता, की सुमन पहिल्या पंगतीला बसेल. पहिल्या दिवशी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "खा गो बाय, न्हायतर ती बाई सुया घेऊन घरी येईल."

मे महिन्यात माझी हाडं काही नवी झाली नव्हती, पण मांड्यांत जोर आला होता. हळदीला मी नाचले. तीन गाणी, मग खुर्ची. सीडी आली तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर. मी कॅमेऱ्याकडे तोंड करून झकास नाचतेय, आणि नेमकी त्याच वेळी एक पाठ मध्ये येऊन उभी राहते. सुमनची. विधवा बाई हळदीत नाचते म्हणून मागे दोघी-तिघी कुजबुजतायत तेही दिसतं. सुमन लाजून म्हणाली, "ताई, मी मध्ये आले."

मी तिला सरकवायला सांगितलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं.

पुढची दोन वर्षं आम्ही दोघी आपल्या आपल्या नावाने हात पुढे करत होतो. मग एकदा गेलो तर लॅबला कुलूप. खालचे कामगार म्हणाले, आपांची नजर गेली. साखर. किती वर्षांपासून होती कोणास ठाऊक. सगळ्या भिवंडीच्या नसा त्यांनी शोधल्या, आणि त्यांची एक कोणी शोधली नाही. मीही नाही. मी फक्त विचारलं होतं, आणि हसले होते.

२००९च्या दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आपा खिडकीपाशी बसल्या होत्या, चष्मा गळ्यात तसाच, सवयीने. चहा समोर होता, बिनसाखरेचा.

"कोण आपण?" त्यांनी विचारलं. तो त्यांचा नेहमीचाच प्रश्न होता, त्यामुळे वाईट वाटायला जरा वेळ लागला.

सुमनने हात पुढे केला. आपांनी कोपर चाचपलं, एका बोटाने दाबलं. "सुमन," त्या म्हणाल्या. "आज स्वतःच्या नावाने आलीस ना?"

"हो, आपा."

"मग दुसरी पण आली असेल. गाडीत बसलीय का?"

मी त्यांच्या हातात डावा हात दिला. दोन बोटं खाली. त्यांनी दाबलं आणि गालात हसल्या. "जिना?"

"एका दमात."

"ऐकलं मी. खात्री करून घेतली. आणि गोळी? आजच घेतलीस, का रोज?"

"रोज," मी म्हटलं. "लिंबूपाण्याबरोबर."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. कशाला ठेवतील? माझा हात दोन्ही हातांनी धरला, ताणला, खिडकीकडे वळल्या आणि उजेडासमोर उभा करून वरून खाली कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी हात मागे घेतला नाही.